सर्व्हरची नोंदवही : किती लिहायचं, कुठे लिहायचं?



संगणक कक्षात सगळा वर्ग एकदम लॉगिन करतो, तेव्हा प्रत्येकाचं नाव-पासवर्ड तपासतो डिरेक्टरी सर्व्हर. लिनक्सवर यासाठी ओपनएलडीएपी हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं. कोण आलं, काय विचारलं, काय उत्तर दिलं, हे तो लॉगमध्ये लिहितो. थोडक्यात, ही त्याची आवक-जावक नोंदवही! ऐन परीक्षेत एखाद्या मुलाचं लॉगिन झालं नाही, तर चूक कुठे आहे ते हीच वही सांगते.

किती लिहायचं?
लॉगची पातळी आकड्याने ठरते. रोजच्यासाठी 256 पुरेशी आहे. तीत जोडणी, विनंती आणि निकाल एवढंच येतं. परवानग्यांचा घोळ शोधायचा असेल तर त्यात 128 मिळवा, म्हणजे 384. उणे 1 म्हणजे सगळंच लिही. गर्दीच्या सर्व्हरवर ही पातळी ठेवली, तर लिहिण्यातच त्याचा वेळ जातो आणि लॉगिन रेंगाळतं.

कुठे लिहायचं?
या नोंदी मुळात ‘लोकल 4’ या नावाखाली सिसलॉगकडे जातात. तिथून त्या स्वतंत्र फाइलमध्ये वळवा. प्रत्येक ओळीनंतर डिस्कवर सक्तीने लिहिणं बंद ठेवा. लॉगरोटेट लावून जुन्या फाइली ठरावीक दिवसांनी काढून टाका, नाहीतर डिस्क भरते.

ओळी गायब का होतात?
हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सिस्टमडीचं जर्नल एका सेवेकडून साधारण 30 सेकंदांत 10,000 ओळी घेतं, त्यापुढच्या टाकून देतं. म्हणजे नेमक्या गर्दीच्या वेळच्या नोंदी मिळत नाहीत. म्हणून ही मर्यादा आधीच वाढवून ठेवा.

वाचायचं कसं?
प्रत्येक जोडणीला क्रमांक असतो, तो धरून ओळी वाचत जा. शेवटी 0 म्हणजे काम झालं. 49 म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. त्या संगणकाची एकही ओळ नसेल, तर मुलाला दोष देण्याआधी केबल तपासा!

शेवटी एक महत्त्वाचं. या वहीत मुलांची नावं आणि लॉगिनच्या वेळा असतात. त्यामुळे ती फाइल फक्त सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच उघडता यावी. पालकांनीही शाळेला हे जरूर विचारावं.