थंडीतील जळण : बचत आणि दक्षता

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या नेपानगरात लाकडाचे मोल नव्याने सांगावयास नको. येथील वृत्तपत्र-कागदाचा कारखाना २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला. वनातील सालई व बांबू हा त्याचा मूळ कच्चा माल होता. पुढे रद्दी कागदाचा वापर सुरू झाला. त्याच वनांतील जळणावर परिसरातील अनेक घरे थंडीत ऊब मिळवितात.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. म्हणून ओले लाकूड धूर अधिक व ऊब कमी देते. लाकूड फोडून, जमिनीपासून उंच, वारा खेळेल असे रचून पावसापासून झाकावे. काही महिन्यांत ते जळणायोग्य होते. सालईचे हलके लाकूड चटकन जळते. धावड्याच्या जड लाकडाचे निखारे अधिक वेळ टिकतात. उभे झाड न तोडता वाळून पडलेल्या फांद्याच वापराव्यात.

धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक ठरत नाहीत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो झोपेतच प्राण घेतो. यास्तव शेगडी पेटती असताना खिडकी उघडी ठेवावी आणि निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर काढावी. शिक्षकांनी हा नियम विद्यार्थ्यांकरवी घरोघरी पोहोचवावा.