लवचीक तुळईच्या कंपनांचे गणिती नियंत्रण

प्रस्तावना : एप्रिल १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात सोडण्यात आली. तिचा आरसा सदोष निघाला ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिच्या दुसऱ्या दोषाची चर्चा मात्र तुलनेने कमी झाली. दुर्बिणीच्या दोन बाजूंना सुमारे १२ मीटर लांबीचे सौरपंख धातूच्या पातळ, पोकळ दांड्यांवर ताणून बसविलेले होते. सुमारे दीड तासाच्या प्रत्येक प्रदक्षिणेत दुर्बीण पृथ्वीच्या सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जात असे. उन्हाकडील बाजू अधिक तापून प्रसरण पावे, दांडी वाके, पंख थरथरत आणि त्यांच्याबरोबर दुर्बीणही हाले. कोनाच्या एका सेकंदाच्या ०.००७ भागाइतकी स्थिरता ज्या यंत्रणेकडून अपेक्षित होती, तिच्या दृष्टीने ही थरथर गंभीर होती. अशी कंपने गणिताच्या साहाय्याने कितपत आवरता येतात, हे येथे पाहावयाचे आहे.

तुळईचे समीकरण : लांबीला आडव्या दिशेने वाकणाऱ्या दांडीस तुळई म्हणतात. तिच्या गतीचे समीकरण अठराव्या शतकाच्या मध्यास ऑयलर व डॅनियल बर्नोली यांनी दिले. तुळईच्या वाकण्याचे लांबीनुसार चार वेळा अवकलन केले असता, तिला पूर्ववत सरळ करू पाहणारे बल मिळते. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : तीच तुळई दुप्पट लांब केली, तर तिच्या कंपनाची वारंवारता एक चतुर्थांश होते. टेबलाच्या कडेवर स्टीलची पट्टी दाबून धरून तिचे मोकळे टोक छेडल्यास हे सहज अनुभवता येते. पट्टी जितकी अधिक बाहेर काढावी, तितके तिचे डोलणे संथ होते.

परंतु पट्टी एकाच रीतीने डोलत नाही. एक टोक पक्के व दुसरे मोकळे असलेल्या समान जाडीच्या तुळईची पहिल्या तीन कंपनप्रकारांची वारंवारता १ : ६.२७ : १७.५५ या प्रमाणात असते. पुढे असे अनंत प्रकार आहेत. तुळईची कोणतीही हालचाल म्हणजे या सर्वांची बेरीज होय.

नियंत्रणातील अडचण : संगणकाला अनंत प्रकारांचा हिशेब ठेवता येत नाही. म्हणून पहिले तीन-चार प्रकार घेऊन नियंत्रक रचला जातो आणि उरलेले सोडून दिले जातात. गणित सोडून देते, तुळई मात्र सोडत नाही. संवेदक जी हालचाल मोजतो तीत सोडलेल्या प्रकारांचाही अंश मिसळलेला असतो, आणि नियंत्रकाने लावलेले बल त्या प्रकारांनाही छेडते. हे दोन्ही परिणाम एकत्र आले, तर शांत करण्यासाठी लावलेले बलच कंपन वाढवू शकते. यास स्पिलओव्हर म्हणतात. मार्क बालास यांनी १९७८ मध्ये याचे गणिती विश्लेषण मांडले.

ऊर्जेचा मार्ग : या अडचणीवर एक उपाय ऊर्जेच्या विचारातून मिळतो. मोकळ्या टोकाचा वेग मोजावा आणि त्याच टोकाला, वेगाच्या प्रमाणात व विरुद्ध दिशेने बल लावावे. ऊर्जेच्या बदलाचा दर म्हणजे बल गुणिले वेग. येथे तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि ऋण येतो. वर्ग कधीच ऋण नसतो, म्हणून तुळईची एकूण ऊर्जा वाढू शकत नाही, मग प्रकार मोजलेला असो वा सोडलेला. मोजमाप व बल एकाच ठिकाणी असणे ही यातील मुख्य अट होय.

तरीही हा मार्ग निर्धोक नाही. वेग मोजणे आणि बल लागणे यांत व्यवहारात थोडा विलंब होतोच. डाटको, लाग्नीस व पोलिस यांनी १९८६ मध्ये तरंगसमीकरणाचे उदाहरण घेऊन दाखविले की, टोकाशी लावलेले असे नियंत्रण अत्यल्प विलंबानेही अस्थिर होऊ शकते. तुळईलाही हा धोका आहे. वरच्या प्रकारांचा आवर्तकाल इतका लहान असतो की, तेवढ्या विलंबात तुळईची दिशा उलटते आणि रोखणारे बल ढकलणारे बनते. पदार्थाच्या अंगचे अवमंदन ही वरची कंपने विझवीत असल्यामुळेच प्रत्यक्षात अशी यंत्रणा उपयोगी पडते.

समारोप : हबलच्या बाबतीत अभियंत्यांनी प्रथम संगणकातील नियंत्रण-आज्ञावली बदलली. त्यामुळे थरथरीचा उपद्रव कमी झाला, परंतु पूर्णपणे गेला नाही. डिसेंबर १९९३ मध्ये उष्णतारोधक आवरण असलेले नवे पंख बसविण्यात आले आणि मार्च २००२ मध्ये आकाराने लहान व ताठ पंखांनी त्यांची जागा घेतली. यावरून असे म्हणता येईल की, गणित कंपनाला आवर घालते, पण नियंत्रकाची खरी कसोटी त्याने हिशेबात न घेतलेल्या कंपनांपाशी लागते. ती कसोटी पार पाडावयाची तर समीकरण आणि रचना या दोहोंचा विचार आरंभापासून एकत्रच करावा लागतो.