पळसगावचा नाईक

नंदुरबारच्या मुलांना ९ सप्टेंबरची तारीख शिकवावी लागत नाही. १९४२ साली याच दिवशी शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. गेल्या वर्षी ही हकिकत सांगत असताना घरातल्या धाकट्याने मध्येच विचारलं, "तेव्हा आपली माणसं इंग्रजांच्या फौजेतही होती ना? मग ती कोणाच्या बाजूची?"

उत्तर द्यायच्या आधी त्याला यशवंत घाडगे यांची गोष्ट सांगितली.

यशवंत हे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले. जन्म नोव्हेंबर १९२१ चा. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल फौजेच्या पगारावर पेटत असे. यशवंत मराठा लाइट इन्फन्ट्रीत दाखल झाले, नाईक झाले आणि पलटणीबरोबर इटलीत पोहोचले.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने जर्मनांच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि यशवंतांच्या हाताखालचे सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. सोबत यायला कोणीही उरलेलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते एकटे धावत गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, तिसऱ्या क्षणाला टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जिंकलेल्या त्याच चौकीत त्यांनी प्राण सोडला. वय २२.

व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला, पण तो घ्यायला ते नव्हते. त्यांची कबर किंवा समाधी कुठेच नाही. कासिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. ज्या घरातला माणूस परदेशात गेला आणि त्याची मातीही हाती आली नाही, त्या घरालाच हे दुःख कळेल.

इटलीत हिंदी फौजेला असे सहा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्यातले दोन एकाच तारखेचे, एकाच नदीकाठचे: ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. एक आपल्या संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव, दुसरे कोहाट भागातले सिपाही अली हैदर. अली हैदर पाठीत, मग पायात आणि हातात जखमा होऊनही सरपटत दुसऱ्या ठाण्यापर्यंत गेले. दोघेही वाचले. पुढे दोन वर्षांत दोघांचे देश वेगळे झाले.

मग ही माणसं कोणाच्या बाजूची? शिरीषकुमारवर गोळी झाडणारी हुकूमत आणि यशवंतांना इटलीला धाडणारी हुकूमत एकच होती, हे मी धाकट्यापासून लपवलं नाही. पण समोर नाझी होते, हेही खरंच. ते जिंकले असते तर आपली गुलामी सुटली नसतीच. मला स्वतःला यशवंतांकडे हिशेब मागावासा वाटत नाही; तो लंडनकडे मागावा.

२०२३ साली इटलीतल्या मोन्तोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आपल्याकडे माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाणं झालं, तर चहाला थांबाल तेव्हा मुलांना तो दाखवून आणा.