चिरुटाची रसिकता आणि घरची मिश्री

परदेशीं नोकरीस असलेला एखादा भाचा किंवा जांवई सुटींत परभणीस येतो, तेव्हां त्याच्या सामानांतून चॉकलेटांच्या डब्यांखालीं कधीं कधीं एक सुवासिक लांकडाची पेटीही निघते. तींत हातानें वळलेले, एकेकास रंगीत कागदाचें कडें घातलेले चिरूट ओळीनें मांडलेले असतात. ही पेटी थोरल्या काकांपुढें ठेवावी कीं ट्रंकेंत लपवावी, असा प्रश्न पडतो. आजी नाक मुरडतात. तरुण मंडळी मात्र सांगूं लागतात कीं, विडी ओढणें हें व्यसन असेल, पण उंची चिरूट चाखणें ही एक कला आहे. ही कला म्हणजे नेमकें काय, तींत खरें किती व बतावणी किती, आणि सुशिक्षित एकत्र कुटुंबानें तिच्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, याचा थोडा विचार आज आम्हीं योजिला आहे.

तंबाखू ही मूळची आपली नव्हे. इ. स. १४९२ मध्यें कोलंबसाचे लोक क्यूबा बेटावर उतरले, तेव्हां तेथील रहिवासी वळलेल्या पानांचा धूर घेत असलेले त्यांना दिसले. पुढें पोर्तुगीजांच्या गलबतांतून हें रोप हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यास लागलें आणि तेथून दक्षिणेंत पसरलें. अकबराचा वकील असद बेग विजापुरास आला असतां त्यानें तेथें तंबाखू प्रथम पाहिली, व सन १६०४-०५ च्या सुमारास रत्नजडित हुक्क्यासह ती बादशहास नजर केली. अकबरानें कौतुकानें दोन-चार झुरके घेतले; पण दरबारच्या हकिमानें हरकत घेतली आणि बादशहानें पुन्हा तिला हात लावला नाहीं. त्याच १६०४ सालीं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें तंबाखूच्या विरुद्ध एक जळजळीत पुस्तिका लिहिली, आणि १६१७ मध्यें जहांगिरानें तंबाखूबंदीचें फर्मान काढलें. म्हणजे या पानाची आवड आणि त्यावरील तक्रार या दोन्ही गोष्टी आपल्याकडे जवळजवळ एकदमच आल्या, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

'चिरूट' हा शब्दही दक्षिणेचाच. तमिळ भाषेंतील 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळी, यापासून इंग्रजांनीं 'चेरूट' केला. त्रिचनापल्लीजवळचें वोरैयूर हें या धंद्याचें जुनें ठिकाण. दिंडिगल येथें मद्रासच्या स्पेन्सर कंपनीचा चिरुटांचा कारखाना होता. दोन्ही टोंकें सारखीं कापलेला हा काळसर चिरूट विलायतेंत इतका माहीत झाला होता कीं, सन १८८७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कथेंत शेरलॉक होम्स जमिनीवरील राखेवरून खुनी इसम त्रिचनापल्ली चिरूट ओढणारा असावा, असें ताडतो. आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता, आणि हैदराबादच्या वझीर सुलतान कंपनीची 'चारमिनार' सिगारेट या मुलुखांत घरोघरीं ठाऊक होती. शेजारच्या तेलंगणांतील 'चुट्टा' हा तर चिरुटाचाच गरीब भाऊ होय.

आतां उंची चिरूट होतो कसा, तें पाहूं. त्याचे थर तीन. आंत गाभा, गाभ्यास धरून ठेवणारें बंधनाचें पान, आणि सर्वांत बाहेर वेष्टनाचें पान, जें पातळ, तेलकट आणि शिरा न दिसणारें असावें लागतें. क्यूबाच्या पश्चिम टोंकास पिनार देल रियो प्रांतांत व्हुएल्टा आबाहो म्हणून तांबड्या मातीचा मुलूख आहे. तेथें वेष्टनाच्या पानांसाठीं शेतावर कापडाचा मांडव घालून ऊन गाळून घेतात. गाभ्यासाठीं एकाच झाडाचीं पानें निरनिराळ्या उंचीवरून खुडतात. खालचीं पानें सौम्य असून चांगलीं जळतात, मधलीं सुगंध देतात, आणि शेंड्याजवळचीं, ज्यांनीं सर्वांत अधिक ऊन खाल्लेलें असतें, तीं कडक असतात. या तिहींचें प्रमाण बसविणें हीच कारागिराची विद्या. खुडलेलीं पानें खोपटांत टांगून वाळवितात, मग त्यांचे ढीग रचून आंतल्या उबेनें तीं मुरूं देतात. हिरवा कडवटपणा जातो आणि वास गोडसर होतो. लोणचें मुरण्याची वाट पाहणाऱ्या आमच्या वाचकभगिनींस यांतील मर्म अधिक सांगावयास नको.

या धंद्यांतील एक चाल आम्हांस फार मनोरम वाटते. हवानाच्या कारखान्यांत चिरूट वळणारे शेंकडों कामगार ओळीनें बसतात, आणि उंच आसनावरून एक वाचक त्यांना वर्तमानपत्र व कादंबऱ्या मोठ्यानें वाचून दाखवितो. ही प्रथा १८६५ सालीं एल फिगारो नामक कारखान्यांत सुरू झाली. वाचकाचा पगार कामगार स्वतःच्या मजुरींतून देत. पुढल्याच वर्षीं स्पॅनिश सरकारनें तिला बंदी केली, तरी ती पुन्हा उभी राहिली. ड्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीवरून १९३५ मध्यें एका चिरुटास 'माँटेक्रिस्टो' हें नांवच मिळालें. आमच्या वाड्यांतून दुपारीं बायका वाती वळीत बसत आणि एक जण पोथी वाची. हात कामांत आणि कान कथेंत, हें सुख त्या दूरच्या बेटावरील मजुरांनींही ओळखिलें, हें वाचून कोणास बरें वाटणार नाहीं?

चिरूट चाखण्याची रीतही सांगितली पाहिजे. जाणकार प्रथम तो बोटांनीं हलकेच दाबून पाहतो. कोठें पोकळ किंवा कोठें गच्च लागतां कामा नये. मग न पेटवितांच त्याचा वास घेतो. बंद टोंक धारदार पात्यानें एका झटक्यांत कापावें, चावूं नये. पेटवितांना लांकडाची काडी घ्यावी आणि तिची गंधकी भभक विझूं द्यावी. घासलेटाच्या लायटरानें सारा सुगंध बिघडतो. ज्योत टोंकास न लावतां जरा दूर धरून तें सर्व बाजूंनीं शेकावें. झुरका मिनिटास एखादाच. घाई केली कीं चिरूट तापतो आणि कडू होतो. धूर छातींत ओढावयाचा नसतो. तोंडांत घोळवून सोडावयाचा, क्वचित् थोडा नाकावाटे. पहिला तिसरा हिस्सा बहुधा सौम्य, मधला भरदार, शेवटचा तिखट. राख सारखी झाडीत बसत नाहींत. असा एक मोठा चिरूट संपण्यास तासभर, कधीं त्याहूनही अधिक वेळ लागतो.

परभणीच्या हवेंत मात्र या सरदाराचे फार हाल होतात. त्यास शेंकडा पासष्ट ते सत्तर आर्द्रता हवी, आणि आमचा वैशाख तर ४२ अंशांवर तापतो. आठ दिवस पेटी उघडी राहिली, कीं पानें पापडासारखीं कडकडतात. म्हणून घट्ट झांकणाच्या डब्यांत ओलावा राखून ठेवावें लागतें. घरांतील तुळशीच्या रोपाला दोन वेळां पाणी मिळालें न मिळालें, पण चिरुटाच्या डब्याची रोज विचारपूस, असा प्रकार आमच्या पाहण्यांत आहे!

आणि मग ती रसिकांची भाषा! या धुरांत कोणास ओल्या मातीचा वास येतो, कोणास कातड्याचा, कोणास भाजलेल्या कॉफीचा, मिऱ्यांचा, जुन्या लांकडाचा. ही सगळीच बतावणी आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. पान मुरतांना त्यांत खरोखरच अनेक गंधद्रव्यें तयार होतात, आणि सरावलेल्या नाकास तीं ओळखूं येतात. एका वस्तूपुढें तासभर स्वस्थ बसून तिच्याकडे सर्व लक्ष देणें, हा गुण आजच्या धांवपळींत दुर्मिळच होय.

परंतु येथेंच थांबून हिशेब पाहिला पाहिजे. धूर छातींत घेत नाहीं म्हणून चिरूट निरुपद्रवी, हा युक्तिवाद खोटा आहे. चिरुटाचा धूर क्षारधर्मी असल्यामुळें त्यांतील निकोटिन तोंडाच्या नाजूक त्वचेंतूनच रक्तांत उतरतें. व्यसन जडण्यास तेवढें पुरतें. एका मोठ्या चिरुटांत वीस सिगारेटींच्या पाकिटाइतकी तंबाखू असूं शकते. मुख, घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशीं त्याचा संबंध निर्विवाद ठरला आहे. शिवाय तासभर जळणाऱ्या चिरुटाचा धूर ओढणाऱ्याचाच राहत नाहीं. माजघरांतील तान्ह्या मुलास आणि दम्याच्या आजोबांस त्यांतील वांटा न मागतां मिळतो.

दुसरी गोष्ट आम्हांस याहूनही महत्त्वाची वाटते. तंबाखू आमच्या घरांत आधींपासूनच आहे. फक्त तिला कोणी कला म्हटलें नाहीं. शास्त्रीबोवांची तपकिरीची डबी विद्वत्तेचें भूषण ठरली. गड्याची चुना-तंबाखूची चंची अंगणांतच राहिली. आणि तव्यावर तंबाखू जाळून केलेली काळी मिश्री दांतांस लावणारी मोलकरीण, कित्येकदां घरचीच एखादी वृद्ध मावशी, तोंड लपवून मोरीकडे जात राहिली. काकांचा चिरूट ती रसिकता आणि मावशीची मिश्री तें व्यसन, हा न्याय कोणता? पान तेंच, विष तेंच. फरक किंमतीचा आणि बसण्याच्या जागेचा. मिश्रीनें गर्भवतीचें मूल कमी वजनाचें होतें, हें महाराष्ट्रांतीलच डॉक्टरांनीं दाखवून दिलें आहे. आंध्र किनाऱ्यावरील कांहीं स्त्रिया चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत धरून ओढतात आणि टाळूच्या कर्करोगास बळी पडतात. सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायका दिवसभर टेंभुर्णीचीं पानें व तंबाखूची धूळ हातांत घेऊन बसतात. त्यांच्या बोटांचें कौशल्य हवानाच्या कारागिराहून उणें नाहीं, पण त्यांच्या नांवाचें सोनेरी कडें कोणी विडीस घातलें नाहीं. आणि निपाणीकडे १९८१ सालीं तंबाखूस भाव मिळावा म्हणून शेतकरी शरद जोशी यांच्यामागें हमरस्त्यावर बसले, तेव्हां गोळीबारांत त्यांतील कित्येकांचे प्राण गेले. पेटींतील सुगंधाबरोबर या गोष्टींचीही आठवण ठेवणें, हें सुशिक्षित माणसास शोभतें.

तेव्हां कुटुंबानें करावें काय? आमचें मत थोडक्यांत असें. पेटी आली तर तिची निंदा करीत बसूं नये. मुलांना जवळ घेऊन पान कसें मुरतें, कोण वळतें, कोण वाचून दाखवितें, तें सांगावें. पण ती ओढण्याची सक्ती, आग्रह वा कौतुक कोणासही करूं नये. घराच्या छपराखालीं धूर नको, हा नियम थोरल्यांसही लागूं असावा. १९०८ च्या जुन्या घरांतील ओसरी असो कीं नव्या बंगल्यांतील गच्ची, मूल जेथें खेळतें तेथें राखदाणी नसावी. २००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकणें गुन्हा ठरविलें आहे; घरानें तरी त्याहून मागें राहूं नये. आणि काकांस जो उपदेश, तोच मावशीस. मात्र तो रागानें नव्हे, तर दंतवैद्याकडे बरोबर नेऊन करावा. तोंडांतील पांढरा वा तांबडा न भरणारा डाग वेळींच दाखविला, तर पुष्कळदां माणूस वांचतो.

राहिली रसिकता. ती सोडण्याचें कारण नाहीं. परभणी हा ज्वारीचा जिल्हा. 'परभणी मोती' ही ज्वारीची जात येथल्याच कृषि विद्यापीठानें दिली. पौष-माघांत शेतावर आगटी पेटवावी, कोंवळीं कणसें गोंवऱ्यांच्या निखाऱ्यांत खुपसावीं, तळहातावर चोळून गरम हुरडा पुढें करावा. आणि मग चिरूट चाखणाऱ्याच्या सावकाशीनें प्रत्येकानें सांगावें, कीं गूळभेंडीचा गोडवा कोणता आणि सुरतीचा कोणता, धुराचा वास दाण्यांत किती उतरला, दुधाळपणा जिभेवर कितीसा राहिला. या बैठकींत काका, मावशी, सुना आणि नातवंडें सारखींच बसतात, आणि दुसऱ्या दिवशीं कोणाचा घसा खवखवत नाहीं.