जुन्या राउटरचा ॲक्सेस पॉइंट म्हणून उपयोग शक्य. सुरक्षिततेकडे मात्र लक्ष आवश्यक

घरात इंटरनेटची जोडणी असली, तरी वायफायचा बिनतारी संदेश प्रत्येक खोलीपर्यंत पोहोचतोच असे नाही. जाड भिंती, लोखंडी कपाटे आणि अंतर यांमुळे तो क्षीण होतो. अशा वेळी वापरात नसलेला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडणे, हा कमी खर्चाचा उपाय ठरतो.

घरगुती राउटर प्रामुख्याने तीन कामे करतो. घरातील जाळे इंटरनेटशी जोडणे, प्रत्येक संगणकास व मोबाइलला आयपी पत्ता देणे आणि वायफाय पुरविणे. ॲक्सेस पॉइंटकडे यांपैकी केवळ तिसरे काम असते. एकाच जाळ्यात दोन राउटर स्वतंत्रपणे पत्ते देऊ लागल्यास पत्त्यांचा गोंधळ होऊन जोडणी खंडित होते.

काही राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंटचा तयार पर्याय असतो. तो नसल्यास जुना राउटर प्रथम केबलने केवळ संगणकाशी जोडावा आणि त्याचे सेटिंगचे पान उघडावे. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असल्यास जुन्या राउटरला १९२.१६८.१.२ असा, अन्य कोणत्याही उपकरणास न दिला जाणारा पत्ता द्यावा. नव्या पत्त्यावर पुन्हा प्रवेश करून वायफायचे नाव व पासवर्ड निश्चित करावा आणि अखेरीस पत्ते देणारी डीएचसीपी सुविधा बंद करावी. त्यानंतर मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल जुन्या राउटरच्या लॅन पोर्टलाच जोडावी. वॅन पोर्ट रिकामा ठेवावा. ही केबल १०० मीटरपर्यंत लांब असू शकते.

दोन्ही राउटरना वायफायचे नाव, पासवर्ड व सुरक्षा प्रकार समान दिल्यास घरात फिरताना मोबाइलची जोडणी सहसा आपोआप बदलते. २.४ गिगाहर्ट्झवर मात्र दोघांना १, ६ व ११ यांपैकी वेगवेगळे चॅनेल द्यावेत, म्हणजे परस्परांचा अडथळा होत नाही.

वायफायचा संदेश घराच्या भिंतीबाहेरही जातो, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ई-मेल पाठविण्यात आला होता. नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या वायफाय जोडणीचा त्यासाठी वापर झाल्याचे तपासात आढळले आणि त्या रहिवाशाला चौकशीस सामोरे जावे लागले.

त्यामुळे वायफाय कधीही पासवर्डविना ठेवू नये. डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा पद्धती निवडावी आणि सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्डही बदलावा. ज्या राउटरमध्ये केवळ जुनी डब्ल्यूईपी पद्धती उपलब्ध आहे, त्याचे वायफाय सुरू न करणेच श्रेयस्कर. कारण ही पद्धती अल्पावधीत भेदता येते.