खोक्यावर पत्ता वाडीचा, माल कुठला?

अमरावती रोडवर नागपूर सोडून वाडी लागली की गोडाऊन आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांची रांग सुरू होते. विदर्भात विकला जाणारा बराच माल इथं उतरतो आणि इथूनच गावोगावी जातो. त्यामुळे खोक्यावर वाडीचा पत्ता दिसला की ‘हे तर आपल्याच भागातलं’ असं गिऱ्हाईक धरून चालतं. स्वदेशी घ्यायची मनापासून इच्छा असलेली माणसंच इथं फसतात.

तो पत्ता नुसत्या गोदामाचाही असू शकतो. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता छापावा लागतो आणि पॅक करणारा वेगळा असेल, तर त्याचाही. माल आयात केलेला असेल, तर आयातदाराचं नाव आणि मूळ देश द्यावा लागतो. ‘मार्केटेड बाय’च्या पुढचं नाव मात्र फक्त विकणाऱ्याचं. अक्षरं बारीक असतात, पण उत्तर तिथंच असतं.

‘बारकोड ८९० ने सुरू झाला की वस्तू भारतीय’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चूक आहे. हे आकडे एवढंच सांगतात, की कंपनीला तो क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेकडून मिळाला. वस्तू चीनमध्ये बनवून घेतली तरी तोच बारकोड लागू शकतो. आयएसआय मार्कचंही तसंच. भारतीय मानक ब्युरो परदेशातल्या कारखान्यांनाही त्याचा परवाना देतो; तो मार्क दर्जाचा आहे, जन्मस्थानाचा नाही.

‘कंपनी परदेशी, म्हणजे सगळा पैसा बाहेर’ हेही अर्धंच खरं. हिंदुस्तान युनिलिव्हरची मालकी बहुतांश ब्रिटिश कंपनीकडे आहे, म्हणून नफ्याचा वाटा आणि रॉयल्टी बाहेर जाते. पण तिचे कारखाने इथं चालतात, त्यांतली मजुरी इथल्याच घरांत येते. उलट, देशी नावाची एखादी वस्तू तयारच आयात होऊन फक्त शिक्का मारून विकली जात असेल, तर वाडीच्या हमालाला आणि ट्रकवाल्याला काम मिळतं, सरकारला आयात शुल्क आणि जीएसटी मिळतो, दुकानदाराचं मार्जिन सुटतं. कारखान्यातली मजुरी तेवढी जाते. माझ्या मते सगळ्यांत मोठं नुकसान तेच. वाडीजवळच्या हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात. अशा एका कारखान्यामागे सुटे भाग, वेल्डिंग, दुरुस्ती अशी कामं उभी राहतात. गोदामामागे ती राहत नाहीत.

मग परदेशी काहीच नको का? तसंही नाही. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. यंत्रं इंग्लंडची, पण कापूस या मुलखातला आणि हातही इथलेच. त्याच दिवसांत दिल्ली दरबारात सार्वजनिक काका जोशी हातानं कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले होते. मला दोन्ही गोष्टी स्वदेशीच वाटतात. आजचा सरकारी खरेदीचा नियमही सगळं शंभर टक्के देशी मागत नाही. किमान ५० टक्के मूल्य देशात तयार झालं असेल, तर पुरवठादार ‘स्थानिक पुरवठादारां’च्या पहिल्या वर्गात बसतो.

खाद्यतेलाच्या बाबतीत मात्र लेबलही पुरेसं पडत नाही. पिपा देशात भरलेला असतो, पण देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून. घाणीवरचं जवसाचं किंवा करडईचं तेल घेतलं, तर पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचण्याची शक्यता कितीतरी जास्त.

कापसाचंही तेच. शर्ट भारतात शिवलेला असला, तरी त्यातला कापूस विदर्भाचाच असेल असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नेमका तोच आपल्याकडे कापूस वेचणीचा आणि विक्रीचा हंगाम. शेतकऱ्याच्या भावावर अशा निर्णयाचा होणारा परिणाम शर्टाच्या लेबलवर कुठंच छापलेला नसतो.