अंकीय ध्वनी आणि मूक संगणक

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाचा ध्वनी कधी कधी अकस्मात बंद पडतो. पडद्यावर गीत पुढे सरकत असते, ध्वनिवर्धक मात्र मूक असतो. अशा वेळी यंत्रच बिघडले असे समजून पुष्कळदा सुस्थितीतील साहित्य बदलले जाते. ध्वनीचा मार्ग ठाऊक असेल तर हा खर्च टळू शकतो.

कॉम्पॅक्ट डिस्कवरील संगीतात ध्वनिलहरीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना १६ द्विमान अंकांत मांडला जातो. डावा व उजवा असे दोन प्रवाह धरता दर सेकंदास १४,११,२०० अंक होतात. हे अंक लहरींत न बदलता तसेच संगणकाबाहेर पाठविणे म्हणजे अंकीय निर्गम होय. सोनी व फिलिप्स यांच्या एस-पीडीआयएफ पद्धतीत ते तांब्याच्या तारेतून अथवा प्रकाशतंतूतून जातात. त्यांपासून पुन्हा लहरी घडविण्याचे काम बाहेरील ॲम्प्लिफायर करतो.

या प्रवासाचे तीन टप्पे आहेत. प्रथम पल्सऑडिओ अथवा पाइपवायर हा ध्वनिसेवक निरनिराळ्या कार्यक्रमांचे ध्वनी एकत्र करून त्यांची वाट ठरवितो. नंतर प्रणालीच्या गाभ्यातील अल्सा हा भाग ते ध्वनियंत्रणेच्या स्वाधीन करतो. शेवटी तार आणि ॲम्प्लिफायर येतात. कोणताही दुवा तुटला तरी परिणाम एकच, शांतता. म्हणून तपासणी शेवटाकडून आरंभाकडे करावी.

गाणे चालू ठेवून प्रकाशतंतूचे मोकळे टोक कागदावर धरावे. तांबडा ठिपका दिसल्यास प्रकाश तेथवर पोचतो आहे हे कळते. टोकावरील संरक्षक टोपण काढले आहे ना, ॲम्प्लिफायरवर योग्य प्रवेश निवडला आहे ना, हेही पाहावे. त्यानंतर 'अल्सामिक्सर' उघडावा. तेथे हा निर्गम बहुधा 'आयईसी ९५८' या मानकाच्या नावाने आढळतो, आणि हे नाव अपरिचित असल्याने तो नजरेतून निसटतो. त्याखाली 'एमएम' अशी खूण असल्यास तो बंद आहे. 'एम' ही कळ दाबताच तो खुला होतो.

आता त्याच निर्गमाचे नाव देऊन 'स्पीकर-टेस्ट' ही आज्ञा चालवावी. खरखर ऐकू आली तर अल्सापासून पुढचा मार्ग निर्दोष ठरतो. मग दोष ध्वनिसेवकाकडे शोधावा; त्याने ध्वनी एचडीएमआय किंवा साध्या निर्गमाकडे वळविला असण्याचा संभव असतो. त्याच्या मांडणीत अंकीय निर्गम निवडला की काम होते.

चित्रपटाच्या वेळी केवळ कर्कश आवाज येत असल्यास कारण निराळे असते. डॉल्बी डिजिटलसारखा संकुचित प्रवाह न उलगडता पाठविला जातो आणि ॲम्प्लिफायरला ती सांकेतिक भाषा अवगत नसते. अशा वेळी उलगडण्याचे काम संगणकाकडेच सोपवावे.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर ऐकून पाहावे. अनेक बदल एकदम केल्यास ध्वनी परत येईलही, परंतु दोष कोठे होता हे मात्र कळत नाही.